कोंडलेल्या खोलीतील पीक व गारव्याचे यंत्र

चहूबाजूंनी बंद अशी खोली बांधावी, सूर्याऐवजी दिव्यांच्या उजेडावर पीक घ्यावे, आत कार्बन डायऑक्साइड वायू सोडून वाढीस जोर आणावा व एसी लावून हवा गार राखावी, या पद्धतीची चर्चा आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. येरमाळा, कळंब, बार्शी या टापूतील शिकलेले तरुण शेतकरीही तिची चौकशी करू लागले आहेत. ही चौकशी बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते, तो असा की, खोली इतकी लांब व इतकी रुंद आहे, तर एसी किती टनाचा घ्यावा? आमच्या मते येथेच गाडी चाकोरी सोडते. खोलीच्या मापावरून हे यंत्र ठरविणे म्हणजे गोठ्याच्या मापावरून बैलाची पेंड ठरविण्यासारखे होय. यंत्राची शक्ती दोन गोष्टींवरून ठरते. आत दिवे किती जळतात ही एक, व पीक हवेत पाणी किती सोडते ही दुसरी. या दोहोंचा हिशोब कागदावर मांडून पाहिल्यास, आमच्या भागात अशी खोली मोठ्या पिकासाठी बांधणे आतबट्ट्याचे आहे, असेच पुष्कळांच्या ध्यानात येईल. तथापि ज्यांस ती लहान प्रमाणावर व विशिष्ट कामासाठी बांधावयाची आहे, त्यांनी यंत्र कसे निवडावे हे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण यात अनेकांची पुंजी, व प्रसंगी जीवही, गुंतलेला असतो.

प्रथम खोली बंद का करावयाची ते पाहू. हवेच्या दहा लाख भागांत आज कार्बन डायऑक्साइडचे ४२० हून थोडे अधिक भाग असतात. पुढे सोयीसाठी त्यास कर्बवायू म्हणू. हाच पानांचा मुख्य आहार. टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी, स्ट्रॉबेरी, लेट्यूस या पिकांस भरपूर उजेड असेल आणि हवेतील हे प्रमाण ८०० ते १००० पर्यंत चढविले, तर वाढ पाचव्या-चौथ्या हिश्श्याने, कधी त्याहूनही अधिक वाढते. ज्वारी, मका, ऊस यांच्या पानांत हा वायू एकवटण्याची सोय निसर्गानेच केलेली असल्यामुळे त्यांस वरून दिलेल्या वायूचा फारसा उपयोग नाही. उजेड मंद असेल तर कोणत्याच पिकास नाही. केशराच्या खोल्यांची जाहिरात हल्ली फार ऐकू येते, म्हणून येथेच सांगून ठेवतो की, केशराचे फूल कंदात आधीच साठविलेल्या अन्नावर उमलते. त्या वेळी त्यास गारवा व दमटपणा हवा असतो, कर्बवायू नव्हे. फूल निघून गेल्यावर पाती वाढतात व नवे कंद पोसतात, तेव्हाच काय तो या वायूचा विचार. फुलांच्या खोलीसाठी कोणी वायूचा सिलिंडर गळ्यात बांधू पाहील तर त्यास नम्रपणे नकार द्यावा.

ही विद्या आली थंड देशांतून. हॉलंडातील काचगृहांत हिवाळ्यात ऊब पाहिजे असते, म्हणून तेथील शेतकरी नैसर्गिक वायू जाळतो. त्या जळणाचा शुद्ध धूर पिकास दिला की कर्बवायू फुकटात पदरी पडतो. रॉटरडॅमच्या कारखान्यांतील कर्बवायू नळाने काचगृहांस पुरविण्याची व्यवस्था तेथे २००५ पासून चालू आहे. म्हणजे त्यांच्याकडे उष्णता ही मिळकत आणि वायू हा तिचा जोडधंदा. आमच्याकडे प्रकरण उलटे आहे. येरमाळ्यास एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि उष्णता ही पैसे देऊन घराबाहेर काढावी लागते. एका देशात जी रीत किफायतशीर ठरली तीच येथे ठरेल असे गृहीत धरून चालणारास हा फरक पहिल्याच विजेच्या बिलात दिसून येतो.

आता यंत्रांकडे वळू. खोली बंद ठेवावयाची म्हटल्यावर काही यंत्रे आपोआप बाद होतात. पाण्याचा कुलर किंवा पॉलिहाऊसमधील ओल्या पडद्यांची व पंख्यांची रचना ही कोरड्या उन्हाळ्यात आमच्या भागासाठी उत्तम आहे. बाहेर ४० अंश व हवा कोरडी असता ती आतील हवा २५-२६ अंशांपर्यंत आणू शकते, आणि वीजही थोडी खाते. परंतु तिचे काम बाहेरची हवा सतत आत घेऊन पलीकडे फेकण्यावर चालते, त्यामुळे सोडलेला वायू तिच्याबरोबर निघून जातो. पावसाळ्यात हवाच ओली असल्याने ती निकामी होते हे निराळेच. खिडकीच्या एसीत आतली हवा बाहेर सोडणारी झडप असते व त्याच्या चौकटीच्या फटीही नीट बुजत नाहीत. सर्वांत फसवे यंत्र म्हणजे चाकांवर फिरणारा व एका नळीने गरम हवा बाहेर टाकणारा एसी. स्वस्त, बसविण्यास सोपा, म्हणून तो लोकांच्या नजरेत भरतो. तो ताशी सुमारे ३५० घनमीटर हवा खोलीतून ओढून बाहेर टाकतो व तितकीच हवा दाराच्या फटींतून आत येते. २० फूट लांब, १२ फूट रुंद व ९ फूट उंच अशा खोलीत एकूण हवाच सुमारे ६० घनमीटर असते, म्हणजे तासात पाच-सहा वेळा ती सगळी बदलली. अशा खोलीत १००० चे प्रमाण राखावयाचे तर १६ तासांत जवळजवळ सहा किलो वायू त्या नळीवाटे वाया जाईल. पीक स्वतः खाते ते दिवसाला दीड किलोच्या आसपास. तीस किलोचा सिलिंडर जेथे वीस दिवस पुरावयाचा तेथे चार दिवसांत रिकामा होतो. म्हणून निवड राहते ती स्प्लिट पद्धतीच्या एसीची, ज्याचा आतला भाग आतलीच हवा फिरवितो व बाहेरचा भाग बाहेरच उष्णता टाकतो. दोहोंमध्ये फक्त तांब्याच्या नळ्या जातात. त्या नळ्यांचे भोक फोमने व सिलिकॉनने पक्के बुजविले पाहिजे. पाणी निघण्याच्या नळीस वाकडे वळण देऊन त्यात पाणी उभे राहील असे करावे, नाही तर हवा तेथूनही ये-जा करते.

टन म्हणजे काय, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता काढण्याची शक्ती म्हणजे एक टन. विजेच्या भाषेत सुमारे साडेतीन किलोवॅट. दुकानदाराचा अडाखा दीडशे चौरस फुटांस एक टन असा असतो. माणसे झोपावयाच्या खोलीसाठी तो ठीक आहे. वरील खोली २४० चौरस फुटांची, म्हणून तो फार तर दोन टन सांगेल. पण कर्बवायूचा उपयोग व्हावा इतका उजेड द्यावयाचा तर दोन मजली मांडणीच्या अशा खोलीत सुमारे १० किलोवॅटचे एलईडी दिवे लागतील. एलईडी गार असतात ही समजूत अर्धवट खरी आहे. त्यांनी घेतलेली वीज काही उजेड होते व काही तेथेच उष्णता होते, परंतु बंद खोलीत तो उजेडही पानांवर, जमिनीवर, भिंतींवर पडून शेवटी उष्णताच होतो. पानांत अन्नाच्या रूपाने साठते ते किरकोळ. तेव्हा दहा किलोवॅटचे दिवे म्हणजे दहा किलोवॅटची शेगडी, असे समजून चालावे. पंखे व पंप यांचे अर्धा-पाऊण किलोवॅट वेगळे.

राहिले छप्पर व भिंती. उघड्या पत्र्याचे छप्पर मेच्या दुपारी एकटेच दीड टनाएवढी उष्णता आत ओतू शकते. त्याच खोलीस भिंती व छप्पर मिळून ६० मिलिमीटर जाडीचे पफ पॅनेल लावले तर तीच उष्णता अर्ध्या किलोवॅटवर येते. पॅनेलचा खर्च एकदाच, टनाचा खर्च दररोज. ज्यास पॅनेल परवडत नाही त्यास ही खोलीच परवडत नाही, असे आम्ही सरळ म्हणू. एकूण बेरीज अकरा किलोवॅटच्या थोडी वर गेली. म्हणजे सव्वातीन टन. अजून पाण्याचा हिशोब यावयाचा आहे, आणि खरी अडचण तेथेच आहे.

पिकास घातलेल्या पाण्याचा अगदी थोडा अंश त्याच्या अंगी राहतो. बाकीचे सर्व पानांवाटे हवेत जाते. दहा किलोवॅटच्या उजेडातील अर्धी शक्ती या कामी लागते असे धरले, तर तासाला सात लिटर पाणी वाफेच्या रूपाने खोलीत येईल. सोळा तासांत सुमारे एकशे दहा लिटर. उघड्या शेतात हे वारा घेऊन जातो. कोंडलेल्या खोलीत ते यंत्रानेच काढले पाहिजे. घरगुती एसी आपल्या शक्तीचा चौथा हिस्सा, फार तर तिसरा, ओल काढण्यात घालवितो व बाकीची शक्ती नुसती हवा गार करण्यात. आपल्याला तर जवळजवळ अर्धी शक्ती ओलीसाठी हवी. इन्व्हर्टर यंत्र वीज वाचविण्यासाठी मंद चालते तेव्हा त्याची नळी पुरेशी गार होत नाही व ओल आणखीच कमी निघते. रात्री तर हा खेळ पुरता बिघडतो. दिवे मालवले की उष्णता थांबते, खोली गार होते, एसी आपले काम झाले म्हणून बंद पडतो. पाने व ओले माध्यम मात्र पाणी सोडीतच राहतात. पहाटेपर्यंत हवेत ओल मावेनाशी होऊन पानांवर दव धरते. ऑक्टोबरात ढगाळ हवा पडली की द्राक्षबागेत केवड्याचे काय थैमान चालते हे आमच्या बागायतदारांस सांगावयास नको. कोंडलेल्या खोलीत ती हवा रोज रात्री येते, आणि तेथे भुरी व करड्या बुरशीस पाऊसही अडवीत नाही की ऊनही.

यासाठी मोठा एसी घेणे हा उपाय नाही, उलट तो अपाय होतो. गरजेहून मोठे यंत्र दहा मिनिटांत हवा गार करून थांबते, आणि ओल जशीच्या तशी राहते. ओल काढण्याचे स्वतंत्र यंत्र, ज्यास बाजारात डीह्युमिडिफायर म्हणतात, ते घेतलेच पाहिजे. ते एका युनिट विजेत सुमारे दोन लिटर पाणी काढते. मात्र खाल्लेली वीज व वाफेतून सुटलेली उष्णता ते खोलीतच सोडते, म्हणून त्याचा भार पुन्हा एसीच्या खात्यावर चढतो. आमच्या उदाहरणात तो दीड किलोवॅटच्या जवळ येतो, आणि सव्वातीन टनांचे साडेतीनच्या वर होतात. शिवाय यंत्रांवरील शक्तीचा आकडा बाहेर ३५ अंश तापमान धरून काढलेला असतो. ४३ अंशांत त्याची दहावा हिस्सा तरी शक्ती घटते. म्हणजे चार टन झाले. दुकानदाराने सांगितलेले दोन टन येथे निम्मेच पडतात. इतिहास पाहणारांस हे नवल वाटणार नाही. विलिस कॅरियर याने १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिन येथील छापखान्यासाठी या जातीचे पहिले यंत्र रचले, ते माणसांस गारवा मिळावा म्हणून नव्हे. दमट हवेने कागद फुगून रंग जागच्या जागी बसत नसत, म्हणून हवेतील ओल आवरण्यासाठी. गारवा ही त्याची नंतरची कीर्ती.

या ओलीची एक बाजू मात्र आमच्या जिल्ह्यास मोहात पाडणारी आहे. काढलेले पाणी गोळा करून पुन्हा पिकास देता येते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणून शेजारच्या लातूरकरांची तहान भागवावी लागली, तो काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांस एकशे दहा लिटरांतील शंभर लिटर परत मिळण्याचे मोल कळते. हे पाणी क्षारविरहितही असते. चैत्री यात्रेत येडेश्वरीचे भाविक जेथे चुनखडीचे खडे वेचतात त्या आमच्या मुलखातील बोअरचे पाणी किती जड असते ते सर्वश्रुत आहे. खते विरघळविण्यास यंत्राचे पाणी त्याहून चांगले. गाळून व निर्जंतुक करून मात्र घ्यावे, कारण यंत्राच्या नळ्यांवर धूळ व बुरशी बसलेली असते. पाण्याची अशी बचत दुसऱ्या कोणत्याही पद्धतीत होत नाही, हे आम्ही मोकळेपणी कबूल करतो. प्रश्न इतकाच की, ही बचत आपण विजेने विकत घेत आहोत, आणि तीही किती महाग, ते पुढे येईल.

त्याआधी जिवाच्या धोक्याविषयी. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहावा, तो विझला तर उतरू नये, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी शिकविले आहे. सांगलीजवळ हरिपूर येथे हळद साठविण्याची जमिनीतील पेवे प्रसिद्ध आहेत. तेथेही पेव उघडल्यावर काही तास तसेच ठेवतात व कंदील उतरवून मगच माणूस आत सोडतात. पेवात साठलेला माल श्वास घेतो, त्यामुळे प्राणवायू घटतो आणि कर्बवायू वाढतो. दोन्ही एकदमच होत असल्याने कंदिलाची परीक्षा तेथे खरी ठरते. आपल्या खोलीत मात्र कर्बवायू सिलिंडरातून येतो. शंभरांत पाच-सहा भाग तो मिसळला तरी प्राणवायू फारसा घटत नाही. कंदील जळतच राहतो, आणि माणूस मात्र धापा टाकू लागतो, डोके दुखते, भान जाऊ लागते. शंभरांत दहा भागांवर तो काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. वर सांगितलेल्या खोलीत तीस किलोचा एक सिलिंडर आतच फुटला वा गळला, तर खोलीचा जवळजवळ चौथा हिस्सा त्या वायूने व्यापला जाईल. वायू हवेहून जड असल्यामुळे तो खाली दाटतो, आणि रोपे लावणारी बाई किंवा मूल खालीच वाकलेले असते.

म्हणून सिलिंडर खोलीबाहेर, सावलीत, साखळीने बांधून ठेवावा. आत फक्त बारीक नळी न्यावी. तिच्यावरील विजेची झडप अशी असावी की वीज गेली किंवा दिवे मालवले की ती आपोआप मिटेल. वायूचे प्रमाण मोजून ५००० च्या वर गेल्यास दाराबाहेर घंटा वाजविणारे मापक यंत्र लावल्याशिवाय या उद्योगात कोणी पडूच नये. आठ तास काम करणाऱ्या माणसासाठी तीच मर्यादा मानलेली आहे. वायूसाठी आत गॅसची शेगडी जाळण्याचा सल्ला कोणी देतो. दीड किलो कर्बवायूस अर्धा किलो गॅस पुरतो व त्याची उष्णताही या मापाच्या खोलीत फार होत नाही, हे खरे. पण जळण अपुरे झाले तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि इथिलीन निघतात. पहिला वायू माणूस मारतो, दुसरा फुले व पाने गाळतो. बंद खोलीत शेगडी नको, हे आमचे मत ठाम आहे.

यंत्र घेतानाच्या काही बाबी. चार टनांचे एक यंत्र न घेता दोन टनांची दोन घ्यावीत. एक बिघडले तरी अर्धे दिवे चालू ठेवून पीक वाचविता येते. आणि येरमाळ्यासारख्या ठिकाणी कारागीर बार्शीहून किंवा धाराशिवाहून येईपर्यंत एक दिवस सहज जातो. यंत्रावर ‘दोन टन’ लिहिलेले असले तरी आतल्या पाटीवरील वॅटचा आकडा वाचावा, तो बहुधा दोन टनांहून कमी भरतो. ताऱ्यांच्या चिठ्ठीवरील वार्षिक युनिटे वर्षास १६०० तास चालण्याच्या हिशोबाने दिलेली असतात. आपले यंत्र सोळा तासांच्या हिशोबाने ५८०० हून अधिक तास चालेल, म्हणून तो आकडा साडेतीन पटींनी वाढवूनच वाचावा. येथे पाच ताऱ्यांचे यंत्र महाग असले तरी स्वस्त पडते. जुन्या आर-२२ वायूचे यंत्र कोणी निम्म्या किमतीत देऊ केले तरी घेऊ नये. तो वायू वापरातून बाद होत चालला असून दुरुस्तीच्या वेळी त्याचीच वाण पडेल.

बाहेरचा भाग उत्तरेच्या बाजूस, सावलीत व मोकळ्या हवेत बसवावा. सोयाबीनची मळणी किंवा ज्वारीची रास जेथे होते त्या बाजूस तो मुळीच नको. एका हंगामात भुसा बसून त्याचा श्वास कोंडतो, आणि मालक मात्र वायू कमी झाला म्हणून कारागिरास पैसे देत राहतो.

तसेच, उन्हाळ्यात दिव्यांचा ‘दिवस’ रात्री करावा. सायंकाळी सहास दिवे लावून सकाळी दहास मालवावेत. दुपारच्या भर उन्हात खोली अंधारात राहते व यंत्रावरील भार घटतो. कर्बवायू वाढविलेल्या हवेत पिकास दोन-चार अंश अधिक ऊब मानवते, म्हणून खोली २३-२४ अंशांवर न ठेवता २७ च्या आसपास ठेवावी. हा वायूचा असा लाभ आहे की जो विकणारा सहसा सांगत नाही, आणि तो थेट बिलात दिसतो. दिवे मात्र तापमापकाशी जोडलेले असावेत. यंत्र बंद पडले व दिवे चालू राहिले, तर दहा किलोवॅटच्या शेगडीपुढे साठ घनमीटर हवेस तापावयास काही मिनिटेच लागतात. आतील पारा ३५ वर गेला की दिवे आपोआप तुटले पाहिजेत. संपूर्ण वीजच गेली तर या खोलीस पॉलिहाऊसएवढे भय नाही, कारण तिचा सूर्यही त्याच तारेवर आहे.

आता पैशांचा हिशोब. दिवे व पंखे मिळून दिवसाला सुमारे १७५ युनिटे, एसीची ६०, ओल काढणाऱ्या यंत्राची ३०. एकूण २६० च्या पुढे. शेतीपंपाच्या वाहिनीवर वीज ठराविक तासच असते, तेव्हा ही जोडणी वेगळीच घ्यावी लागेल व तिचा दरही पंपाचा नसेल. युनिटास ८ रुपये धरले तर महिन्यास साठ हजारांवर बिल येते. इतक्या उजेडात उत्तम व्यवस्थेने लेट्यूससारखी पालेभाजी दिवसाला सुमारे १४ किलो निघेल, कर्बवायू दिल्यास साडेसतरा. म्हणजे वायूविना किलोमागे साडेअठरा युनिटे, वायूसह पंधरा. वायूने किफायत वाढते हे यात स्पष्ट दिसते, आणि त्याबरोबरच किलोस नुसत्या विजेचे १२० रुपये पडतात हेही. दिवे, पॅनेल, यंत्रे यांचे व्याज, मजुरी, बियाणे, व पुणे-सोलापूरपर्यंतची वाहतूक त्यावर चढवा. हॉटेलांशी वर्षभराचा पक्का करार हाती असल्याखेरीज हे गणित जुळत नाही. कोणी म्हणेल, सौर पॅनेल बसवू. जरूर बसवावे, पण २६० युनिटांस साठ किलोवॅटची पॅनेले लागतील आणि ती पाच-सहा गुंठे जागा व्यापतील. पाव गुंठ्याहून लहान खोलीतील पिकास उजेड देण्यासाठी सहा गुंठ्यांवरचे ऊन गोळा करावयाचे, ही उठाठेव ज्या मुलखात ऊन मुबलक आहे तेथे कोणत्या पिकासाठी करावी, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

आमच्या मते ती रोपांसाठी करावी. वाढलेल्या पिकास जागा फार लागते, रोपांस थोडी. एका ट्रेमध्ये शंभरांहून अधिक रोपे राहतात, उजेड निम्म्याहून कमी पुरतो, पाणी थोडे उडते, आणि माल विकावयास पुण्यास जावे लागत नाही, शेजारचाच शेतकरी गिऱ्हाईक असतो. टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगी यांची निरोगी रोपे ऐन उन्हाळ्यात तयार मिळाली तर पावसाळ्याच्या तोंडावर लागण साधते. टिश्यू कल्चरची केळी जळगावकडे ज्या वाढीच्या खोल्यांतून निघतात, त्याही अशाच बंद, दिव्यांच्या व २५ अंशांच्या आसपास राखलेल्या असतात; तेथे ही पद्धत वर्षानुवर्षे टिकली, कारण एका मांडणीवर हजारो रोपांचे मोल उभे असते. रोपांच्या खोलीस तीन-चार किलोवॅटचे दिवे, दीड टनाचा एक एसी, त्याच्या जोडीस एक टनाचा दुसरा, आणि ओल काढणारे लहान यंत्र पुरते. कर्बवायू पहिल्या वर्षी मुळीच आणू नये. सकाळी व रात्री प्रत्येक तासास एक मापक पाहून उष्णतेची व ओलीची नोंद वहीत ठेवावी. वर्षभर ती दोन्ही हाताखाली राहिली, पहाटेचे दव एकदाही पडले नाही, तरच दुसऱ्या वर्षी सिलिंडराचा विचार. वही न ठेवता वायू विकत घेणारा शेतकरी, पाने का माना टाकीत आहेत हे ओळखू शकत नाही. दोष उष्णतेचा, ओलीचा की वायूचा, हे त्यास कोण सांगणार?

काही विक्रेते खोली, दिवे, यंत्रे व सिलिंडर असा सर्व संच एकाच किमतीत देतात व कर्जाची कागदपत्रेही तयार करून आणतात. त्यांच्याकडून सही करण्यापूर्वी तीन आकडे लेखी घ्यावेत. तासाला किती लिटर पाणी यंत्रे काढतील, बाहेर ४३ अंश असता आत किती अंश राखतील, आणि दिवसाला एकूण किती युनिटे लागतील. शेतीचा तुकडा गहाण ठेवावयाचा असेल तर हे तीन आकडे मे महिन्यात, त्यांनी आधी बसविलेल्या एखाद्या खोलीत, दुपारी दोन वाजता व पहाटे पाच वाजता अशा दोन्ही वेळी स्वतः उभे राहून पडताळावेत.